गवती चहाच्या तेलातला ऋतूंचा फरक मोजायचाय? मग विळा नंतर उचला

गवती चहाचं तेल वर्षभर सारखं राहत नाही, उतारा (पानातून निघणाऱ्या तेलाचं प्रमाण) खालीवर होतो, सिट्राल (लिंबासारखा वास देणारा तेलातला मुख्य घटक) कमीजास्त होतं, हे बऱ्याच जणांना माहितीये आणि प्रोजेक्टला हा विषय घेणारेही भरपूर. पण बारा महिने पाती कापून, तेल काढून, एक्सेलमध्ये ग्राफ मारून झाला की विचारा, हा चढउतार ऋतूचा आहे का पानाच्या वयाचा, का पानातल्या पाण्याचा, का कंडेन्सरला (तेल काढताना वाफ थंड करणाऱ्या नळीला) लावलेल्या नळाच्या पाण्याचा? उत्तर येत नाही, कारण हे सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि वर्ष संपल्यावर ते वेगळं करायला काहीही उपाय नसतो. म्हणून खालचा क्रम पाळा. उदाहरण गवती चहाचं धरलंय, दुसरी वनस्पती असेल तर काय बदलायचं तेही मधेमधे सांगतो.

१. आधी कागदावर: नक्की काय मोजायचंय

तीन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकच समजतात. पहिला, पानात तेल किती टक्के आहे. दुसरा, त्या तेलात कुठला घटक किती आहे. तिसरा, एका ठोंबामागे एकूण तेल किती निघतं. पावसात टक्केवारी पडली तरी पाला इतका वाढतो की ठोंबामागचं एकूण तेल जास्तही भरू शकतं. तेल काढून विकणाऱ्याला तिसरं उत्तर लागतं, केमिस्ट्रीवाल्याला दुसरं. तीनही मोजायचे असतील तर दर कापणीला ठोंबाचा सगळा पाला तोलायला लागेल, हे आत्ताच ठरवा, सहाव्या महिन्यात आठवून फायदा नाही.

पाणी द्यायचं का नाही हेही आधीच ठरवायचं. उष्ण कटिबंधात ऋतू म्हणजे मुख्यतः ओला काळ आणि कोरडा काळ. कोरड्या काळात तुम्ही ठिबक लावून ठेवलं की दुष्काळाचा ताण तुम्ही स्वतःच काढून टाकला, मग उरतो तो फक्त ऊन, तापमान आणि हवेतल्या दमटपणाचा परिणाम. दोन्ही अभ्यास चालतात. पण चार महिने पाणी दिलं, मग पंप बिघडला म्हणून दीड महिना दिलं नाही, असं चालत नाही. खताचंही तेच, वर्षभर ठराविक मात्रा ठराविक अंतराने, नाहीतर अजिबात नको.

२. ठोंबांचे गट पाडा (सगळ्यात जास्त चुका इथे होतात)

पानाचं वय हा या कामातला सगळ्यात मोठा चोर. गवती चहाच्या कोवळ्या पातीत तेलाचं प्रमाण जास्त असतं, पाती जून होत गेली की टक्का उतरतो. आता दोन नेहमीच्या पद्धती बघा. एक, तेच ठोंब दर महिन्याला कापायचे: मग पान कायम एक महिन्याचं, ठोंबाला सावरायला वेळ नाही, आणि तुम्ही मोजता कापणीचा ताण. दुसरी, शेताच्या न कापलेल्या भागातून दर महिन्याला थोडं थोडं कापत जायचं: मग पहिल्या महिन्याचं पान कोवळं, दहाव्या महिन्याचं पार वाळकं जून, आणि ग्राफ खाली येताना दिसला की "हिवाळ्यात तेल घटतं" असं लिहून मोकळे.

सोपा मार्ग असा. ६० दिवसांची फूट घ्यायची ठरवलीत तर ठोंबांचे दोन गट करा, अ आणि ब. अ गट पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या महिन्यात कापायचा, ब गट दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या. असं केलं की दर महिन्याला नमुना मिळतो आणि पान प्रत्येक वेळी ६० दिवसांचंच असतं. अभ्यास सुरू होण्याच्या ६० दिवस आधी अ गट जमिनीपासून एकाच उंचीवर छाटून घ्या, १५ सेंटिमीटर ठीक आहे, आणि त्यानंतर महिन्याने ब गट. कुठला ठोंब कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, बांधाकडचे सगळे अ आणि मधले सगळे ब असं नको.

तरीही एक भानगड उरतेच. कोरड्या किंवा थंड दिवसांत फूट सावकाश येते, त्यामुळे तिथली ६० दिवसांची पाती पावसातल्या ६० दिवसांच्या पातीएवढी वाढलेली नसते. म्हणून दिवसांसोबत पानाची जागापण धरा. प्रत्येक फुटव्यातलं वरून पहिलं पूर्ण उघडलेलं पान सोडून दुसरं आणि तिसरं घ्या, सुरळीतलं नको, खालचं पिवळं पडलेलं नको. शिवाय दर वेळी २० पात्यांची लांबी मोजून लिहून ठेवा.

प्रत्येक गटात कमीत कमी तीन वेगळे वाफे ठेवा आणि प्रत्येक वाफ्याचं तेल वेगळं काढा.

इशारा: एकाच ढिगातून तीनदा डिस्टिलेशन (पाला पाण्यात उकळून वाफेबरोबर तेल काढणं) केलं म्हणजे तीन नमुने झाले असं नाही. ती तुमच्या काचेच्या भांड्याची परीक्षा झाली, झाडाची नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा विखुरलेपणा) मस्त बारीक येतं आणि तिथेच फसायला होतं.

एक बाजूची गोष्ट. गवती चहा फुटवे लावून वाढवतात, त्यामुळे शेतातले सगळे ठोंब बहुधा एकाच वाणाचे जुळे असतात, आणि ऋतू मोजायला हे सोयीचं आहे. तुळशीचं तसं नाही. बियांपासून आलेल्या तुळशीत शेजारशेजारच्या दोन झाडांमध्ये एकीत युजेनॉल भरपूर आणि दुसरीत मिथाइल युजेनॉल, असं होऊ शकतं. तिथे ठरलेल्या झाडांना बिल्ले बांधून वर्षभर तीच झाडं धरायची किंवा छाट कलमांवरून वाढवायची. वर तिला फुलोरा येतो, फुलोऱ्यात तेल बदलतं, म्हणून फुलोरा आहे का नाही हा रकाना वेगळा लागतो.

३. वहीत काय लिहायचं

रोजचं कमाल-किमान तापमान, पाऊस मिलिमीटरमध्ये, दमटपणा, आणि जमल्यास सूर्यप्रकाशाचे तास. दूरच्या केंद्राचे आकडे घेऊ शकता, पण पावसाचं माप शेतातच ठेवा, दोन किलोमीटरवर वेगळा पाऊस पडतो. कापणीच्या आधीच्या ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा पाऊस दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. महिन्याची सरासरी इथे फारशी कामाची नाही, कारण पान महिना बघून तेल बनवत नाही, ते वाढत असताना जे ऊनपाणी मिळालं त्यावर बनवतं.

कीड, करपा, तांबेरा दिसला तर तोही लिहा, कुरतडलेल्या पानाचं तेल वेगळं येऊ शकतं.

४. कापणीचा दिवस

वेळ एकच ठेवा. घड्याळापेक्षा सूर्योदयापासून मोजलेलं बरं, उदाहरणार्थ सूर्योदयानंतर तीन तासांनी, दव उडून गेल्यावर. दिवसभरातही तेलाचं प्रमाण हलतं, त्यामुळे एका महिन्यात सकाळी आणि पुढच्या महिन्यात "वेळ मिळाला तेव्हा" दुपारी कापलं तर तो फरक ऋतूच्या नावावर जमा होतो. मुख्य काम सुरू करण्याआधी एखाद्या दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ असे नमुने काढून बघा, म्हणजे वेळेची चूक तुम्हाला किती महाग पडेल ते कळेल.

पावसाळ्यात भर पावसात कापू नका. पानावरचं पाणी वजनात धरलं जातं. पाऊस थांबून पान वरून कोरडं होईपर्यंत थांबा, दिवस दोन दिवस पुढे गेला तरी चालेल, फक्त तारीख खरी लिहा.

कापलेला पाला प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंबून गाडीत ठेवू नका, आत तापतो, घामेजतो. कापडी पिशवी किंवा टोपली, सावलीत, आणि चार तासांच्या आत डिस्टिलेशन चालू.

तपासा: नमुन्यावर तारीख, वेळ, गट, वाफा, ठोंबांची संख्या, एकूण पाल्याचं वजन एवढं लिहिलंय का? लिहिल्याशिवाय शेतातून निघू नका.

५. सुकवायचं का ताजंच घ्यायचं

माझं मत स्पष्ट आहे, ऋतूंची तुलना असेल तर ताजंच घ्या. सावलीत सुकवणं ऐकायला सौम्य वाटतं, पण कोरड्या दिवसांत पान तीन दिवसांत सुकतं आणि पावसाळ्यात आठवडा लागतो, मधे बुरशी येते, तेल उडतं, घटक बदलतात. म्हणजे ऋतू झाडात शिरायच्या ऐवजी सुकवण्याच्या खोलीतून तुमच्या आकड्यात शिरला. सुकवणं टाळताच येत नसेल तर ड्रायर वापरा, ४० अंश सेल्सिअसच्या वर नाही, थर पातळ, आणि ओलावा ठरलेल्या पातळीवर आला की बंद.

ताजं घेतलं तरी ओलावा मोजायचाच, त्याच पाल्यातून, त्याच तासाला. १० ग्रॅम पान कापून १०५ अंशाला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर तेलही उडतं, पण गवती चहाच्या ताज्या पानात तेल अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, त्यामुळे चूक किरकोळ. लवंगेसारखा तेलकट माल असेल तर मात्र हे चालत नाही, तिथे टोल्युइन घालून डीन-स्टार्क उपकरणात पाणी वेगळं मोजायचं.

६. डिस्टिलेशन

इथे प्रत्येक गोष्ट वर्षभर तीच ठेवायची, दुसरी काही युक्ती नाही.

पान २ ते ३ सेंटिमीटर तुकड्यांत कापा, आणि कापल्याबरोबर फ्लास्कात टाका. गवती चहाचं तेल पानाच्या आतल्या पेशींत असतं, त्यामुळे कापावं लागतं. तुळस, पुदिना यांचं तेल पानावरच्या बारीक ग्रंथींत असतं, ते चुरगळलं की हवेत गेलं, ती पानं शक्यतो अख्खीच टाका. मिक्सर कशालाच नको.

३ लिटरच्या गोल फ्लास्कात २०० ग्रॅम पान आणि सव्वा लिटर डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण ठीक बसतं. क्लेव्हेंजर (वाफ थंड करून तेल वेगळं जमवणारं काचेचं उपकरण) लावा, जोड घट्ट आहेत का बघा, ट्रॅप (त्यातली तेल जमा होणारी, रेघा असलेली नळी) आधीच पाण्याने भरून घ्या. गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, मिलीला साधारण ०.८८ ते ०.८९ ग्रॅम, म्हणून ते वर तरंगतं आणि हलक्या तेलाचा ट्रॅप चालतो. लवंगेचं तेल बुडतं, त्याला वेगळा ट्रॅप.

उष्णता अशी ठेवा की मिनिटाला २ ते ३ मिली पाणी परत येईल. भसाभस उकळवून लवकर संपवायचा मोह होतो, त्याने फेस वर येतो आणि कंडेन्सर पुरा पडत नाही.

वेळ पहिला थेंब पडल्यापासून मोजा, मँटल (फ्लास्क तापवणारी विजेची शेगडी) चालू केल्यापासून नको. किती वेळ, हे अंदाजाने ठरवू नका. सुरुवातीला दर अर्ध्या तासाने ट्रॅपमधली पातळी लिहा, लागोपाठ दोनदा तीच आली की तेल संपलं. ओल्या आणि कोरड्या दोन्ही काळातल्या पाल्यावर हे करून जो जास्त वेळ येईल तो सगळ्यांना लावा, साधारण तीन तास धरून चला. वेळ कमी केला तर नुसतं तेलच कमी येत नाही, हलके घटक आधी निघत असल्यामुळे उशिरा येणारे जड घटक मागे फ्लास्कातच राहतात आणि तेलाची रचनाच वेगळी दिसते.

आता कंडेन्सर. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी कोमट असतं, थंडीत गार. कोमट पाण्यावर मिर्सीनसारखे हलके घटक पूर्ण थंड न होता निसटतात, आणि तुम्ही लिहिता की उन्हाळ्यात मिर्सीन घटलं. चिलर असेल तर उत्तमच, नसेल तर बादलीत बर्फ आणि छोटा पंप लावून पाणी फिरवा आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान दर वेळी लिहा, २० अंशाच्या वर जाऊ देऊ नका.

मँटल बंद केल्यावर अर्धा तास थांबा, मग वाचन घ्या. तेल गरम असताना फुगलेलं असतं.

तपासा: ट्रॅपवर ०.१ मिलीच्या रेघा असतील तर डोळ्याने फार तर ०.०५ पर्यंत वाचता येतं. ०.८ मिली तेलात ०.०५ म्हणजे सहा टक्क्यांची चूक. दोन महिन्यांत एवढाच फरक असेल तर तो फरक समजू नका. पान जास्त घ्या किंवा मोठा फ्लास्क वापरा.

इशारा: ट्रॅपमध्ये हेक्झेन किंवा झायलीन टाकून तेल पकडायची पद्धत आहे, पण वापरायची तर बाराही महिने. अधूनमधून मीठ टाकणं तर अजिबात नको. प्रत्येक रनच्या मधे ट्रॅप अ‍ॅसिटोनने धुवा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याचा रन घेऊन बघा की मागचं तेल निघत नाहीये ना.

७. तेल साठवणं

तेल काढून त्यात चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट टाका, पाणी शोषलं की वरचं स्वच्छ तेल छोट्या तपकिरी काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, टेफ्लॉनच्या आतल्या चकतीचं झाकण. रबर नको, प्लॅस्टिक नको. फ्रीजमध्ये ४ अंशाला, जमलं तर त्याहून थंड.

आणि आता ती चूक, जी जवळपास सगळेच करतात. बारा महिन्यांचं तेल साठवून वर्षाअखेर एकदम जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) पाठवायचं, कारण मशीनची वेळ तेव्हाच मिळते. मग पहिल्या महिन्याचं तेल वर्षभर जुनं असतं आणि शेवटचं आठवड्याचं. सिट्राल हवेने ऑक्सिडाइज होतं, मिर्सीनची साखळी होऊन ते घट्ट होत जातं, आणि तुमच्या ग्राफवर सिट्राल वर्षभर छान चढत जाताना दिसतं, जे झाडाने केलेलंच नसतं. उपाय दोन. एक, तेल काढल्यापासून ठराविक दिवसांत, समजा सात, प्रत्येक नमुना तपासायचा. ते शक्यच नसेल तर पहिल्या महिन्याचं तेल दहाबारा छोट्या बाटल्यांत वाटून ठेवा, त्यातली एक आत्ता तपासा आणि पुढे प्रत्येक खेपेला एक. तिच्यात जेवढा बदल दिसेल तेवढा साठवणीचा.

८. हिशोब: ओल्या वजनावर का कोरड्या

हे उदाहरण आकडे घालूनच बघा. समजा पावसाळ्यात २०० ग्रॅम ताज्या पानातून ०.८ मिली तेल निघालं आणि ओलावा ७८ टक्के. उन्हाळ्यात तेवढ्याच पानातून १.१ मिली आणि ओलावा ६८ टक्के. ताज्या वजनावर पावसाळा ०.४० टक्के, उन्हाळा ०.५५ टक्के, म्हणजे उन्हाळ्यात तेल तिपटीने नाही तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलं असं वाटतं. आता कोरडं वजन धरा. पावसाळ्यात २०० ग्रॅममध्ये कोरडं पान ४४ ग्रॅम, उन्हाळ्यात ६४. उतारा आला १.८२ आणि १.७२ टक्के. वाढ तर सोडाच, किंचित घट! पानात फक्त पाणी कमी झालं होतं.

दोन्ही आकडे द्या, आणि कुठला कशावर काढलाय हे टेबलाच्या डोक्यावरच लिहा. मिली प्रति १०० ग्रॅम आणि ग्रॅम प्रति १०० ग्रॅम यांची सरमिसळ करू नका.

९. घटक तपासणं

जीसी-एमएस (जीसीला घटक ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला) केलं तर नुसत्या लायब्ररी मॅचवर, म्हणजे संगणकाने साठवलेल्या नोंदींशी जुळवून दिलेल्या नावांवर, विसंबून नावं देऊ नका. ३० मीटरच्या नेहमीच्या पाच टक्के फिनाइल कॉलमवर, ६० अंशापासून मिनिटाला ३ अंशांनी चढवत, सोबत अल्केनची (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनची) मालिका चालवून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे त्या मालिकेच्या तुलनेत घटक कॉलममधून कधी बाहेर येतो तो आकडा, काढा. नेराल १२३५ च्या आसपास, जिरॅनिऑल १२४९, जिरॅनियाल १२६४, म्हणजे तिघेही एकाच गल्लीत, शिखरं एकमेकांवर चढली तर गोंधळ होतो. मिर्सीन बरंच आधी, ९९० च्या अलीकडे. प्रमाणासाठी एफआयडीचं (जीसीचा ज्योतीवर चालणारा डिटेक्टर) शिखराचं क्षेत्रफळ घ्या, एमएसचं नको. सिट्राल म्हणजे नेराल आणि जिरॅनियाल यांची बेरीज, पण दोन्ही वेगवेगळेही लिहा.

जीसी मिळतच नसेल तर सिट्राल हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडच्या टायट्रेशनने काढता येतं. अल्डिहाइडमुळे जे आम्ल सुटतं ते अल्कोहोलिक पोटॅशने (अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) मोजायचं, ब्रोमोफिनॉल ब्लू वापरून. टक्के = पोटॅशचे मिली × नॉर्मॅलिटी × १५.२२ ÷ तेलाचे ग्रॅम. ब्लँक (तेल न घालता केलेल्या टायट्रेशनचं वाचन) वजा करायला विसरू नका. यात सिट्रोनेलालसारखं दुसरं अल्डिहाइडही मोजलं जातं, म्हणून आकडा "एकूण अल्डिहाइड, सिट्राल धरून" असा लिहा.

१०. आकडे वाचताना

टक्केवारीचा एक सापळा आहे. समजा १०० ग्रॅम कोरड्या पानात २ ग्रॅम तेल, त्यात सिट्राल १.६, मिर्सीन ०.२, बाकी ०.२ ग्रॅम. सिट्राल ८० टक्के. पुढच्या ऋतूत सिट्राल तेवढंच राहिलं, फक्त मिर्सीन ०.५ झालं. तेल २.३ ग्रॅम, आणि सिट्राल टक्क्यांत ७० वर आलं. सिट्राल एक मिलिग्रॅमही कमी झालेलं नाही! म्हणून प्रत्येक घटक टक्क्यांशिवाय "१०० ग्रॅम कोरड्या पानामागे किती मिलिग्रॅम" असाही काढा. त्यासाठी उतारा ग्रॅममध्ये लागतो, म्हणून ट्रॅपमधलं तेल मोजल्यावर तोलायचंही.

पाऊस आणि उतारा यांचा उलटा संबंध दिसला की लगेच पावसाला जबाबदार धरू नका. पाऊस असतो तेव्हा ढग असतात, ऊन कमी असतं, तापमान उतरलेलं असतं, पानं भराभर वाढत असतात. हे सगळं एकदम हलतं, त्यामुळे एका वर्षाच्या बारा बिंदूंवरून यातलं नेमकं कोण, हे सांगता येत नाही. ते हवंच असेल तर कोरड्या काळात काही वाफ्यांना पाणी द्या आणि काहींना देऊ नका, बाकी सगळं सारखं.

शेवटची कापणी बाराव्या महिन्यात थांबवू नका, चौदाव्यापर्यंत न्या, म्हणजे अ आणि ब दोन्ही गटांचा पहिला महिना पुन्हा येतो. वर्षभर कापून कापून ठोंब थकतो, वयही वाढतं. तेराव्या महिन्याचा आकडा पहिल्याशी आणि चौदाव्याचा दुसऱ्याशी, त्या वर्षाचं हवामान बघून, ताडून पाहा. ते जवळपास जुळले तर मधला चढउतार ऋतूचा म्हणायला हरकत नाही, आणि दोन्ही एकाच बाजूला बरेच सरकले असतील तर तेवढा उतार ठोंबाच्या थकण्याचा धरून तसं स्पष्ट लिहा.